कॉइलओव्हर घेताय? निदान मी केलेल्या चुका तरी करू नका

दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला चाकाच्या कमानीचा फोटो पाठवतं. खाली एकच ओळ असते: "दादा, जीटीला कुठला सेट टाकू? किती खाली जाईल?" पोलो जीटी असो, ऑक्टाव्हिया आरएस असो, नाहीतर कुणी हौसेनं सेकंडहँड घेतलेली बीएमडब्ल्यू झेड फोर असो, प्रश्न हाच आणि ह्याच क्रमानं. सेट म्हणजे कॉइलओव्हरचा: शॉकअपच्या बॉडीला बाहेरून आटे, त्यावर नट आणि नटावर स्प्रिंग. नट फिरवला की गाडी वर-खाली होते. "खाली घेतल्यावर शॉकअपला हलायला जागा किती उरेल?" हे मला आजवर दोघांनीच विचारलंय. त्यातला एक मेकॅनिकल इंजिनिअर होता, म्हणजे तो धरायचा नाही.

मला शहाणपणा शिकवायचा अधिकार एवढ्याचसाठी आहे, की ही चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे.

मिलिमीटर बघून सेट घेणे

गाडी ५० मिमी खाली घेतली म्हणजे ते ५० मिमी आले कुठून? बहुतेक वेळा चाकाला वर जायला जी जागा होती, त्यातून. खड्डा, ब्रेकर, घाटातलं वळण ह्या सगळ्यांत चाक वर ढकललं जातं आणि शॉकअपचा दांडा आत जातो. तो जिथवर मोकळेपणी जाऊ शकतो, ती त्याची चाल. चाल संपली की दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे तो रबराचा किंवा फोमचा गट्टू, दबायला लागतो. चांगल्या सेटमध्ये शॉकअपची बॉडीच आखूड केलेली असते, त्यामुळे गेलेली चाल थोडीफार परत मिळते. स्वस्त सेटमध्ये नुसते आटे लांब असतात. नट खाली फिरवत न्या, गाडी जमिनीला टेकेपर्यंत बसेल.

माझी पोलो जीटी टीएसआय होती. पहिला सेट सेकंडहँड, ३२ क्लिकवाला (म्हणजे शॉकअप कडक-नरम करायच्या नॉबला ३२ टप्पे), आणि विकणाऱ्याचं एकच वाक्य: "टायर आणि कमानीच्या मध्ये दोन बोटंसुद्धा जाणार नाहीत." खरंच जात नव्हती. पुढून ५५ मिमी खाली. पार्किंगमधून निघताना मागे वळून बघायची सवय लागली होती मला.

जुलैमध्ये ताम्हिणीला निघालो. मुळशीच्या पुढे एका डाव्या वळणावर डांबराचा एक ठिगळ होता, फार तर बोटभर उंच. गाडी तिथं वळता वळता पुढून उडाली आणि अर्धी लेन बाहेर जाऊन बसली. समोरून एसटी येत नव्हती एवढंच नशीब. मागे बसलेला मित्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी दोष दिला टायरना. नवे टायर घेतले, फरक शून्य. मग शॉकअप आणखी कडक केले, तर गाडी आणखी उडायला लागली.

शेवटी एका म्हाताऱ्या रॅलीवाल्यानं सांगितलं, दांड्याला एक बारीक झिप टाय बांध, बॉडीला टेकव आणि एक चक्कर मारून ये. परत येऊन चाक काढून बघितलं, तर झिप टाय बंप स्टॉपच्या पोटात घुसलेला. मोजलं: गाडी चार चाकांवर शांत उभी असताना बॉडीपासून बंप स्टॉपपर्यंत मोकळी जागा १८ मिमी. म्हणजे वळणात गाडी स्प्रिंगवर नाही, त्या गट्टूवर उभी राहून वळत होती. गट्टू गच्च दाबला गेला की पुढची कडकी एकदम कित्येक पट होते, टायर पकड सोडतो आणि गाडी सरळ निघते. टायर बिचारे निर्दोष होते.

इथवर तरी शहाणं व्हावं! पण गॅरेजवाला म्हणाला, "अर्धा कापून टाकू ना बंप स्टॉप, जागाच जागा." मी मान हलवली. तीन आठवड्यांनी पौड रस्त्याच्या एका ब्रेकरवर 'ठण्' असा आवाज आला. रबराचा नाही, लोखंडावर लोखंडाचा. डावा शॉकअप तेल गाळायला लागला, त्याला वर गाडीच्या अंगाशी जोडणारं माउंट वाकलं. तो सेट भंगारात गेला आणि टायरचे पैसे वर.

आता माझी सवय सांगतो. सेट घेण्याआधी मी विकणाऱ्याला 'किती खाली' हे विचारतच नाही. आखूड केलेली बॉडी आहे का, दांड्याची पूर्ण चाल किती, बंप स्टॉप किती उंच, हे विचारतो. उत्तर आलं नाही तर दुकान बदलतो. बसवल्यावर पुढे निदान ४० मिमी मोकळी चाल उरली पाहिजे आणि तीही घरची मंडळी गाडीत बसवून. एकटे बसून सगळं सेटिंग करता आणि रविवारी सासू-सासरे मागे बसले की चाल संपलेली असते. झिप टाय माझ्या गाडीला आजही आहे. दहा पैशांची वस्तू आहे आणि खोटं बोलत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला होता. तुमच्या सोसायटीच्या दारातला मोजून बघा. उंची कदाचित जमेल, पण रुंदी असते हातभर. ज्याला खाली घ्यायचीच आहे त्यानं आधी रोजच्या रस्त्यावर टेप घेऊन फिरावं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटल्यावर तो टेप कामाचा नाही.

कडक म्हणजे स्पोर्टी

ह्या समजुतीचा मला मनापासून राग आहे. थोडा हिशेब करू. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेक सोडून, साधारण ३०० किलो येतात असं धरा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, त्यामुळे चाक जितकं वर जातं जवळपास तितकीच स्प्रिंग दबते. ८ किलो प्रति मिमीची, म्हणजे एक मिमी दबायला ८ किलो लागणारी स्प्रिंग लावली तर गाडीच्या वजनानं ती दबते साडेसदतीस मिमी. ४ किलोची लावली तर ७५. आता खड्डा आला. चाक खाली उतरून रस्ता धरतं ते ह्याच दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. ८ किलोवाल्याचा जोर साडेसदतीस मिमीत संपला, पुढे चाक नुसतं लोंबकळतं. ट्रॅकवर हे चालतं, कारण तिथं खड्डे नसतात. खंबाटकीत नाही चालत.

त्यात युनिटचा घोळ वेगळाच. १ किलो प्रति मिमी म्हणजे ५६ पाउंड प्रति इंच. एकानं मला अभिमानानं सांगितलं होतं, "चारशेची स्प्रिंग आहे." कसले चारशे? पाउंड असतील तर ती ७ किलोची झाली, किलो असतील तर ट्रकची.

आणि मागची स्प्रिंग पुढच्या आकड्याशी थेट ताडून बघू नका. पोलोत मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा आडवा बीम, आणि त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणजे मागे खरं तर 'कॉइलओव्हर' नसतंच, पण पाकीट त्याच नावानं येतं. स्प्रिंग चाकापासून आत असेल तर तिचा जोर चाकापर्यंत कमी पोचतो आणि तो स्प्रिंगची चाल भागिले चाकाची चाल ह्या गुणोत्तराच्या वर्गाच्या हिशेबानं कमी होतो. चाकाच्या चालीच्या ७० टक्केच स्प्रिंग दबत असेल, तर ८ किलोची स्प्रिंग चाकाशी ४ किलोसुद्धा भरत नाही. 'पुढे ८ आणि मागे ८, एकदम बॅलन्स्ड' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा.

क्लिकचंही तसंच. ३२ क्लिक म्हणजे ३२ वेगळी सेटिंगं नव्हेत. स्वस्त सेटमध्ये निम्मे क्लिक काहीच करत नाहीत. सगळा फरक कडक टोकाच्या पाच-सहा क्लिकमध्ये असतो. त्यातून एकच नॉब असलेल्या सेटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेला दांडा परत बाहेर यायचा वेग. उत्साही पोरं तो पूर्ण कडक करतात. मग रंबल स्ट्रिपवर, म्हणजे रस्त्यावरच्या ओळीनं आडव्या पट्ट्यांवर, चाक वर जातं, पण पुढची पट्टी येईपर्यंत खाली यायला त्याला वेळच मिळत नाही. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली खेचली जाते आणि शेवटी पुन्हा त्याच गट्टूवर जाऊन बसते. चालवणारा म्हणतो, "काय स्टिफ आहे यार!" मी क्लिक नेहमी पूर्ण कडक टोकापासून मोजतो, एका वेळी दोनच फिरवतो, तोच रस्ता पुन्हा चालवतो आणि वहीत लिहितो. एका संध्याकाळी सेटिंग 'उरकणाऱ्यांनी' हा खेळ खेळू नये.

लटकत्या गाडीवर बोल्ट आवळणे

ही चूक गॅरेजची, पण भोगतो मालक. एक लाल ऑक्टाव्हिया आरएस माझ्याकडे आली होती. सेट उत्तम, जर्मन, बिल व्यवस्थित. तक्रार: सेट बसवल्यावर मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा १२ मिमी उंच राहिला होता. दोन्हीकडचे आटे सारखेच मोजलेले. बसवणाऱ्यानं मग डावीकडचा नट आणखी खाली फिरवून 'लेव्हल' करून दिली होती. दिसायला सरळ, पण वळायला डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच गाडी.

ह्या गाडीत मागे मल्टिलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक कित्येक लोखंडी आर्मनी धरलेलं असतं. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. बुशच्या मधली लोखंडी नळी बोल्टनं घट्ट आवळली जाते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबतायत आणि तुम्ही बोल्ट आवळलात, तर रबराची 'सरळ' जागा ती लोंबती जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की बुश कायमचा पिळलेला आणि तो पीळ स्प्रिंगसारखा गाडीला वर ढकलत राहतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या कोनात आवळलं गेलं तर उंचीही वेगवेगळी. काही महिन्यांत रबर फाटतं आणि खडखड सुरू होते. मग लोक म्हणतात, कॉइलओव्हरनं बुश खाल्ले.

आम्ही गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली आणि मागचे आर्मचे बोल्ट एकेक करून सैल केले. तिसऱ्या बोल्टला डावीकडून 'कुर्र' असा आवाज आला आणि तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत खाली बसला. मालक मेस्त्रीकडे बघतोय, मेस्त्री माझ्याकडे. दोन बुश फाटलेले निघाले, ते बदलले, डावीकडचा नट मूळ जागी आणला आणि नवे बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) तिथंच, चाकांवर उभ्या गाडीत आवळले. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये सस्पेन्शनचे बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनेच परत घालणारा तुमचे दोनशे रुपये वाचवून नंतर तुमच्याकडूनच वसूल करतो.

रॅम्प नसेल तर हबखाली (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जॅक लावून चाक उभ्या गाडीतल्या उंचीला आणायचं आणि मग आवळायचं. त्यासाठी मी काम सुरू करण्याआधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घेऊन चिकटपट्टीवर लिहितो आणि ती पट्टी फेंडरलाच लावतो. गाडी खाली घ्यायची असेल तर जितकी घ्यायची तितकं वजा करून.

बाकीच्या, पटापट

शॉकअपच्या वरच्या टोकाचं जुनंच टॉप माउंट आणि बेअरिंग परत घालू नका. लाखाचा सेट आणि त्यावर झिजलेला रबर, कशासाठी?

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा. स्प्रिंगा बसतात.

हेडलाइटची पातळी बघा. गाडीचं नाक वर झालं की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो, खाली झालं की पुढचा रस्ता कमी दिसतो.

पुढून फार खाली घेतलं की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचं, बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर जातं. मग गाडीचा गुरुत्वमध्य जितका उतरतो, त्याहून जास्त रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) उतरतं आणि खाली घेतलेली गाडी उलट जास्त कलते. वाकून आर्म बघा. आडवा झाला की थांबा. माझ्या अनुभवात हे बहुतेकदा २५ ते ३० मिमीलाच होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबद्दल आहे. विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघातानंतर त्यांना कळलं तर ते आधी शॉकअपच बघतील.

आणि ज्यांना उंची एकदाच ठरवून परत कधी हात लावायचा नाही, म्हणजे माझ्या पाहण्यातले बहुतेक सगळे, त्यांना कॉइलओव्हर लागतंच कशाला? बिलस्टीन कंपनीच्या बी८सारखा आखूड दांड्याचा शॉकअप आणि बेताची लोअरिंग स्प्रिंग पुरते. फक्त फोटोत रंगीत आटे दिसत नाहीत.

आट्यांवरून आठवलं. आपल्याकडे चार महिने चिखल आणि कोकणात जाणं-येणं असेल तर वर खारी हवा. ॲल्युमिनियमचा नट लोखंडी आट्यांवर असा धरतो की पुढच्या वर्षी पान्यानं हलत नाही, हातोडीनं फुटतो. केडब्ल्यूसारख्या काही कंपन्या म्हणून स्टेनलेसची बॉडी देतात आणि किनारपट्टीवर राहणाऱ्यानं ते जादा पैसे खुशाल द्यावेत. बाकीच्यांनी पावसाळा संपला की चाकं काढून साबणपाणी आणि जुना टूथब्रश घेऊन आटे घासावेत, पुरते वाळवावेत आणि कोरडं वंगण मारावं. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटून रेगमाल तयार होतो. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या साफसफाईत येतं. बायको माळ्यावर, मी गाडीखाली.