क्यूसी चार्ट भरताना या चुका टाळा, लॅबवाल्यांनो

क्यूसी चार्ट म्हणजे मशीन बरोबर आकडे देतंय का ते बघायला कंट्रोलचे (आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्याचे) रीडिंग ठिपक्यांनी मांडायचा तक्ता. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. कंट्रोल रेंजच्या बाहेर आला की तोच परत लावायचा, परत बाहेर आला की परत, आणि तिसऱ्यांदा आत बसला की तेवढाच आकडा चार्टवर टाकून रिपोर्ट सोडायचे. लातूरला नवीन होतो तेव्हा मीपण असंच करायचो, कुणी अडवलंच नाही. पण २ एसडीच्या (एसडी म्हणजे रीडिंग सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप) बाहेर २० पैकी साधारण एक रीडिंग मशीन ठीक असतानाही जातंच, म्हणून ती फक्त वॉर्निंग. ३ एसडीच्या बाहेर गेलं, नाहीतर लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडी ओलांडून गेले, की रिपोर्ट थांबवा आणि कारण शोधा.

दुसरं, कंट्रोलच्या कागदावरची रेंज जशीच्या तशी चार्टवर मारू नका. ती लई रुंद असते. समजा ग्लुकोजच्या कंट्रोलची कागदावर ८५ ते ११५ आहे, आणि तुमच्या मशीनवर वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या २० रीडिंगचा मीन, म्हणजे सरासरी, १०० अन् एसडी २ आला, तर तुमची २ एसडी रेंज ९६ ते १०४. आता ११० आला तर कागदाच्या हिशोबानं पास, पण तुमच्या मशीनसाठी तो ५ एसडी लांब आहे, म्हणजे पेशंटची शुगरपण चुकत असू शकते! कंट्रोलचा नवीन लॉट (बॅच) आला की जुना संपायच्या आधीच दोन्ही सोबत चालवून नवीन मीन काढा.

सगळे ठिपके आत आहेत म्हणून बिनधास्त राहू नका, लागोपाठ १० मीनच्या एकाच बाजूला असले तरी गडबड आहे. एकदम उडी मारली असेल तर रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) लॉट बदलला का, कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं) कधी झालं ते बघा. रोज थोडं थोडं सरकत असेल तर लॅम्प जुना झालाय नाहीतर रिएजंट खराब व्हायलंय. एका रनमध्ये कंट्रोलची एक लेव्हल (कमी किंवा जास्त आकड्याचा कंट्रोल) २ एसडी वर अन् दुसरी २ एसडी खाली, तर पिपेट, हवेचा बुडबुडा, व्होल्टेज तपासा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात ४२-४३ डिग्री, त्यात लाइट जाते, कंट्रोलची बाटली टेबलावरच राहते. फ्रीजचं टेम्परेचर रोज लिहा, पावडरच्या कंट्रोलमध्ये पाणी मोजूनच घाला, जोरात हलवून फेस आणू नका.

बाहेर गेलेला ठिपका खोडायचा नाही, त्याच्या बाजूला तारीख, कारण आणि काय केलं ते लिहून सही करायची.