स्पेस स्टेशनातली खोली काढायचीय? मग पंख्यापासून सुरुवात करा

भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, तिला विषय मिळालाय स्पेस स्टेशनात अंतराळवीरांची राहायची जागा. आली माझ्याकडे, म्हणाली मामा तू लालबाग-परळला दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं बसवतोस, तुला काय अवघड आहे. आणि मी पण शहाणा, लगेच कागद ओढून खाली बेड, वर पोटमाळा, मध्ये शिडी असं काढून मोकळा. तिने फक्त एकच विचारलं, मामा शिडी कशाला? तिथे वजनच जाणवत नाही, माळ्यावर जायचं तर एक बोट टेकवलं की माणूस वर. तर त्या पाचेक रविवारांत आम्ही दोघं जे शिकलो ते लिहितोय, कोणाला असलं सबमिशन आलं तर बघा.

आधी मास्किंग टेप घ्या. आयएसएसवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर, सामानाचा रॅक साधारण 2 मीटर उंच, 1 मीटरहून जरासा रुंद आणि 85 सेंटीमीटर खोल असतो, आणि हार्मनी नावाच्या त्याच्या एका भागातल्या झोपायच्या चार केबिन अशाच एकेका रॅकच्या जागेत बसवल्यात. म्हणजे गोदरेजचं कपाट थोडं फुगवलं की झाली बेडरूम. हे माप भिंतीवर आणि जमिनीवर टेपने आखा आणि आत उभे राहा. भाची ताठ उभी राहिली आणि म्हणाली भरपूर जागा आहे की. पण तिथे माणूस ताठ नसतोच, अंग सैल सोडलं की गुडघे थोडे वाकतात आणि हात आपोआप छातीपुढे तरंगायला लागतात, वर पाठीचा कणा ताणला जाऊन उंची 3 टक्क्यांपर्यंत वाढू शकते ती वेगळीच. तिला तसं उभं केलं तर कोपर थेट लॅपटॉपवर. म्हणून माप घेताना पाण्यात तरंगणारा माणूस डोळ्यासमोर ठेवा. बेड काढूच नका, स्लीपिंग बॅग भिंतीला बांधलेली असते.

आता मुद्द्याचं, हवा. आपल्याकडे गरम हवा वर जाते आणि खिडकीतून नवीन येते, त्यामुळे आपण व्हेंटिलेशनचा विचार शेवटी करतो, गिऱ्हाईक बोंबलल्यावर. तिथे गरम हवा वर जात नाही कारण वर असं काही नाहीच. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडापुढे साचून राहतो, कार्बन डायऑक्साइड वाढला की डोकं दुखायला लागतं. त्यामुळे ड्रॉइंगवर पहिली रेघ पंख्याची, हवा कुठून येणार, चेहऱ्यावरून कशी जाणार, कुठून बाहेर पडणार, आणि मग त्या हिशोबाने डोकं कुठे ते ठरवा. पंखा बंद पडला तर अलार्म पाहिजेच. आवाजाचा त्रास होतो म्हणून तो बंद करायची सोय नाही, मग केबिनच्या भिंतींना आवाज शोषणारं अस्तर द्या.

वर-खाली नसलं तरी डोळ्यांना ते लागतं, नाहीतर गरगरतं. सोव्हिएत सोयुझ यानाचं आणि मीर या अंतराळ स्थानकाचं इंटिरिअर गालिना बालाशोवा नावाच्या बाईंनी केलं, त्यांनी जमिनीची बाजू गडद आणि छताची फिकी ठेवली, एवढं साधं. लेबलं पण सगळी एकाच दिशेने वाचता येतील अशी लावा. दिवसाला 16 सूर्योदय होतात तिथे, त्यामुळे लाइट सकाळी निळसर आणि झोपायच्या आधी पिवळट करता आले पाहिजेत. पाय अडकवायच्या दांड्या विसरू नका, पण त्या मऊ ठेवा, तिथे तळवे मऊ पडतात आणि पायाची वरची बाजू घट्टे पडून कडक होते.

संडास आणि व्यायामाची मशीन झोपायच्या जागेपासून लांब. रोज जवळपास 2 तास व्यायाम करावाच लागतो, नाहीतर हाडं आणि स्नायू जातात, आणि ट्रेडमिलचा हादरा आख्ख्या स्टेशनला बसू नये म्हणून ती वेगळी झुलती बसवतात. चाळीत वरच्या मजल्यावर कोणी मसाला कांडायला घेतला की काय होतं ते आठवा.

खुर्च्या नकोत पण टेबल हवंच, टेबल नसेल तर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात पॅकेट फोडून खातो. 2025 मध्ये आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्टेशनवर गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते, बरोबरच आहे, चिकटून राहणारं खाणं. चिवडा नेला असता तर हवेत शेव वेचत बसले असते सगळे. पावाऐवजी पोळीसारखे टॉर्टिया नेतात ते पण याच भुग्यासाठी.

आणि हो, हातातून सुटलेला स्क्रू, पेन, मोजा हवेच्या ओघाने फिरत फिरत शेवटी हवा ओढणाऱ्या जाळीवर येऊन चिकटतो, काही हरवलं की पहिल्यांदा तिथेच बघतात. भाचीने ती जाळी नेमकी सामानाच्या बॅगांमागे टाकली होती, दिसायला बरं दिसतं म्हणून. म्हटलं हात कसा जाणार गं तिथे? शनिवारी व्हॅक्यूम कोण आणि कुठून मारणार? कुरकुरली, पण जाळी पुढे घेतली आणि मग डोंबिवलीची ट्रेन पकडायला पळाली.