नागरिकत्वाचा सोहळा भरवताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात नव्या नागरिकांचे सोहळे बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलच भरवते. आमच्याकडे मी नोंदणीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे गडबडी अगदी जवळून दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशिरा आलेल्याच्या हातात प्रमाणपत्र ठेवणं. अर्ज मंजूर झाला म्हणजे माणूस नागरिक झाला, असं नाही. प्रतिज्ञा म्हटल्यावरच तो नागरिक होतो. (आईवडिलांच्या अर्जात नाव असलेल्या १६ वर्षांखालच्या मुलांना ती म्हणावी लागत नाही.) एकदा पार्किंग शोधता शोधता उशीर झालेले एक गृहस्थ धापा टाकत आले, तोवर प्रतिज्ञा होऊन गेली होती. त्यांचं प्रमाणपत्र मात्र गठ्ठ्यात तसंच! थोडक्यात वाचलो. आता हजेरी न लागलेल्यांची प्रमाणपत्रं आधीच बाजूला काढतो. कुणी उशिरा आलंच, तर अध्यक्षांना थांबवून त्यांच्यासमोर प्रतिज्ञा म्हणवून घेतो.

महापौर आजारी पडले म्हणून ओळखीचा नगरसेवक उभा करून भागत नाही. प्रतिज्ञा देणारी व्यक्ती कायद्याने अधिकृत लागते. शिवाय तिने कायद्यातलं ठरलेलं निवेदन मोठ्याने वाचायचं असतं. भाषण लांबलं की नेमकं तेच गाळायचा मोह होतो. भाषण कापा, निवेदन नको.

प्रतिज्ञेचे दोन मसुदे असतात, एकात देवाचा उल्लेख आहे, दुसऱ्यात नाही. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर छापा, आणि कुणाला कुठला हवा ते दारातच विचारा. राष्ट्रगीताचे जुने कागद तर फेकूनच द्या. १ जानेवारी २०२१ पासून त्यात ‘यंग अँड फ्री’च्या जागी ‘वन अँड फ्री’ आलंय.

नावांचं काय सांगावं! इंग्रजीत लिहिलेल्या ‘ज्ञानेश्वर’चं माइकवर ‘डिन्यानेश्वर’ होतं आणि मागे बसलेली आई कपाळाला हात लावते. नोंदणीच्या वेळी नाव त्यांच्याच तोंडून ऐका आणि कार्डावर उच्चार लिहा. दहा सेकंदांचं काम.

आपल्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार. त्यामुळे सोहळ्यानंतर लगेच जुन्या पासपोर्टवर मुंबईला जाता येत नाही. आधी ऑस्ट्रेलियन पासपोर्ट काढायचा, भारतीय पासपोर्ट परत करायचा, मग व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्यासाठी मिळणारं कार्ड). लग्नाची तिकिटं काढून ठेवलेलं एखादं कुटुंब दरवेळी आमच्या टेबलाशी येतंच, म्हणून हे निमंत्रणाबरोबरच कळवलेलं बरं.