थंडीआधी शेडच्या दारात

विट्याकडच्या आमच्या पट्ट्यात बर्ड फ्लूची बातमी आली की लोक आधी चिकन सोडतात, आणि त्याच दिवशी मेलेली कोंबडी उघड्या हातानं तंगडीला धरून ओढ्यात भिरकावतात. सगळं उलटं. ७० अंशांपुढं शिजलं की हा विषाणू मरतो, आपला रस्सा तर रटरटत असतो. जपायचं ते हाताला, नाकाला, डोळ्यांना.

म्हणून शेडसाठी गमबूट वेगळे ठेवा आणि खुंटीला एक जुना सदरा. मायणीच्या तलावावर पाहुणे पक्षी बघायला खुशाल जा, पण त्याच चपलांनी शेडमध्ये शिरू नका. दारातल्या घमेल्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी रोज नवं हवं. गेल्या हिवाळ्यात आमच्या घमेल्यातलं पाणी चहासारखं झालं होतं, वर पिसं तरंगत होती, आणि मी त्यातच पाय बुडवून निर्धास्त आत जात होते. बुटाची घाण आधी ब्रशनं घासून काढली तरच ते पाणी लागू पडतं.

मरतुकीची वही रोज भरा. एरवी दोन-तीन मरतात तिथं एकदम वीस दिसल्या, तुरे निळे-जांभळे पडले, अंडी घटली, तर ‘मानमोडी असेल’ (म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग) म्हणून गप्प बसू नका. दोन्ही रोग वरून सारखेच दिसतात, उलगडा प्रयोगशाळेतच होतो. दारावर खडूनं १९६२ लिहून ठेवा, पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे. लपवण्यात पैसाही जातो: भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.

मेलेला पक्षी उचलायला हातमोजे आणि मास्क हाताशी असू द्या. कावळा असला तरी तेच. २०२५च्या जानेवारीत उदगीरला कावळेच पडले होते. कुत्र्या-मांजरांना फिरकू देऊ नका. नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले, तिथं आपल्या मोत्याची काय कथा! शेड कोरडं झाडू नका, आधी पाणी शिंपडा.

माणसाला लागण क्वचित होते, एकाकडून दुसऱ्याला सहज जात नाही. पण २००३पासून जगभरात नऊशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले जवळजवळ निम्मे दगावले. तेव्हा आजारी पक्षी हाताळल्यावर दहा दिवस ताप, खोकला, डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवा. दवाखान्यात पहिलं वाक्य ‘आमच्या कोंबड्या मेल्यात’ हेच असू द्या, नाहीतर साध्या तापाची गोळी घेऊन परत याल. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

राहिल्या आत्याबाईंच्या पाच गावरान कोंबड्या. दिवसभर ओढ्याकाठी चरतात आणि संध्याकाळी शेडच्या जाळीला चोच लावतात. त्यांना कोंडायचं नाव काढलं की आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. तरी यंदा मोठं डालगं आणून ठेवलंय.