मुलासोबत कयाक वल्हवताय? मी केलेल्या या चुका टाळा

देवबागला कार्ली खाडीत मी कयाकमधून पडले, कालवाच्या शिंपल्याने तळपाय कापला आणि सुट्टीचे उरलेले तीन दिवस होमस्टेच्या पडवीत पाय वर ठेवून काढले. सोबत पंधरा वर्षांचा मुलगा होता, त्याला साधं खरचटलंही नाही. मुलांबरोबर दोघांची कयाक पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण पडण्याची तयारी मी जेवणाच्या ताटापासूनच सुरू केली होती.

ओहोटीची वेळ न बघणं

त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, पण अंदाजाला पुरते. या सहा तासांत पाण्याची सगळ्यात जास्त ओढ मधल्या दोन तासांत असते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती आणखी वाढते. सव्वा ते सव्वातीन ही वेळ टाळायची होती. आम्ही सुरमईची थाळी चेपून बरोबर दीड वाजता उतरलो.

कयाकवाला म्हणाला होता, "वैनी, ओहोटी लागली हा. लांब जाव नकात." मी मान डोलावली आणि खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या दिशेने, म्हणजे पाण्याबरोबरच निघाले. वीस मिनिटं मजेत गेली. परत वळलो तेव्हा तेवढंच अंतर कापायला तास लागेल हे दिसलं. अंगात दम असतो तेव्हा आधी उलट्या पाण्यात जायचं, येताना पाणीच आणून सोडतं.

मूल नजरेसमोर हवं म्हणून मागे बसणं

ही चूक माझ्यासारख्या सगळ्या आया करत असणार. मुलगा अडुसष्ट किलोचा, मी चोपन्न. तरी मी मागे बसले, कारण तो दिसायला हवा. वजनदार माणूस पुढे बसला की कयाकचं नाक पाण्यात रुततं, शेपूट हलकं होतं आणि ती सरळ जायचं नाव घेत नाही. शिवाय दिशा मागच्याने सांभाळायची असते आणि वल्ह्याचा ताल पुढच्याने धरायचा असतो. मागच्याने मुकाट त्या तालात वल्हं मारायचं. मी मुकाट? "डावीकडून मार, अरे डावीकडून!" हे माझं अखंड चालू होतं. आमची वल्ही दर चार हातांमागे एकमेकांवर आपटत होती.

लाइफ जॅकेटचे पट्टे मी पोट भरलंय म्हणून सैल केले होते, तेही इथेच कबूल करते. जॅकेट खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला लावा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर ते घातलंय असं समजू नका.

फांदी धरणं

ओढ चुकवायला आम्ही काठाकाठाने येत होतो. काठाला पाणी संथ असतं, तेवढं बरोबर होतं. पण कयाक आडवी होऊन कांदळवनाकडे ढकलली गेली आणि छातीच्या उंचीला एक फांदी आली. मी ती दोन्ही हातांनी धरली. घरात पाय घसरला की कठडा धरतो, तसंच. मुलगा ओरडला, "आई, सोड ती फांदी!" मी आणखी घट्ट धरली. खालून पाणी कयाक घेऊन गेलं, मी फांदीला लोंबकळत राहिले, मग फांदीच वाकली.

अशा वेळी वल्हं कयाकला समांतर मांडीवर घ्यायचं, पुढे वाकायचं आणि फांदी डोक्यावरून जाऊ द्यायची. कयाक झाडाला आडवी टेकलीच तर अंग झाडाच्या बाजूला झुकवायचं. भीतीने आपण उलट बाजूला कलतो आणि तिकडूनच पाणी तिला पालथी घालतं.

चिखलात पाय टेकवणं

पाणी कमरेएवढंच होतं म्हणून मी उभी राहिले. चपला गाडीत ठेवल्या होत्या, हरवतील म्हणून. कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी. कापलं तेव्हा दुखलंच नाही, फक्त गार वाटलं. पाय वर घेतला तर चिखलातून लाल रेघ उतरत होती. मागे पट्टा असलेली सॅंडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घालूनच उतरा. पडलात तर पाठीवर तरंगा, पाय वर ठेवा आणि कयाक जवळ येईपर्यंत तळ शोधू नका.

मी मुलाला हाका मारत होते, "ये इकडे, उतर!" त्याने ऐकलं नाही, नशीब. जॅकेटला अडकवलेली शिटी, जी मला खेळणं वाटली होती, ती त्याने वाजवली. कयाकवाला येईपर्यंत तो वल्हं मारत जागेवर राहिला.

जखमेवर हळद

होमस्टेच्या काकूंनी मायेने मूठभर हळद दाबली. मालवणच्या डॉक्टरांना ती धुऊन काढायला वेळ लागला आणि त्यांनी ते मला ऐकवलंही. कालवाने कापलं की आधी पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवायचं, खाडीच्या पाण्याने नाही, आणि स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवायचं. शिंपल्याचे बारीक तुकडे आत राहतात. माझ्या पायातून दोन निघाले. जखम घाण असल्याने त्यांनी लगेच टाके घातले नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण मागचं घेऊन पाच वर्षं उलटली होती. खाऱ्या पाण्यातले जंतू झपाट्याने पसरू शकतात. सूज, लाली किंवा दुखणं तासातासाने वाढलं, फोड आले किंवा ताप चढला तर सकाळची वाट बघू नका. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर जखम चिमुकली दिसली तरी दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती लागलेली असताना, मुलगा कयाकवाल्याबरोबर गेला. या वेळी तो मागे बसला होता. पडवीतून मला कयाक वळणापर्यंत दिसत होती, दोरी ओढल्यासारखी सरळ गेली.