समुद्रात तेल शोधताना या चुका टाळा (टाइम मॅपवर भाळू नका)

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे टाइम मॅपवर (खडकाचा थर खोलीत नाही, वेळात दाखवणारा नकाशा) उंचवटा दिसला की लगेच प्रॉस्पेक्टला, म्हणजे तेल असू शकेल अशा जागेला, नाव देऊन मोकळं व्हायचं. अरे, सिस्मिक (आवाज सोडून त्याचे प्रतिध्वनी टिपणारं सर्वेक्षण) खोली मोजत नाही, आवाज खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजतं! आणि खंडांच्या जुन्या कडांवर, जिथे शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) संपून समुद्र एकदम खोल होतो, तिथे तळाला घळी असतात. पाण्यात आवाज सेकंदाला १५०० मीटर जातो, वरच्या मऊ गाळात धरा २०००. घळ ३०० मीटर खोल असेल तर तेवढ्या पाण्यातून जाऊन-येऊन ४०० मिलिसेकंद, शेजारी तेवढ्याच गाळातून ३००. म्हणजे घळीखालचा सपाट थर १०० मिलिसेकंद खचलेला दिसणार आणि दोन घळींच्या मधे खोटा उंचवटा तयार.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. नोकरीची सुरुवातीची वर्षं, पश्चिम किनाऱ्याचाच डेटा, ७० मिलिसेकंदांचं देखणं क्लोजर (सगळ्या बाजूंनी उतरता, तेल अडकू शकेल असा उंचवटा), तीन आठवडे त्यावर घालवले. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी एका सीनियर सरांनी एवढंच विचारलं, "समुद्रतळाचा नकाशा यावर टाकून बघितलास का?" टाकला. माझा उंचवटा दोन घळींच्या मधल्या धारेच्या बरोबर खाली, आकारसुद्धा तोच. डेप्थ कन्व्हर्जन (वेळेचं खोलीत रूपांतर) केल्यावर थर सरळ समुद्राकडे उतरत गेलेला, क्लोजर गायब. विहीर खोदली गेली असती तर काय, या विचाराने रात्रभर झोप नाही. तेव्हापासून समुद्रतळाचा नकाशा आधी, बाकी सगळं नंतर. आणि "सॉफ्टवेअर करतं ना डेप्थ" म्हणणाऱ्या नवख्यांनो, तुम्ही दिलेली व्हेलॉसिटी (थरांतला आवाजाचा वेग) चुकीची असेल तर ते चुकीचीच खोली देणार.

दुसरी चूक, ट्रॅप (तेल अडकून राहील अशी खडकांची रचना) सापडला की सोर्स रॉक (ज्यात तेल तयार होतं तो खडक) विसरायचा. मुंबई हाय १९७४ ला सापडलं ते नुसत्या चुनखडकाच्या उंचवट्यामुळे नाही, आजूबाजूच्या खोल भागात पन्ना फॉर्मेशन या खडकथरांतले शेल (चिखलाचे खडक) उष्णतेने शिजले म्हणून तिथे तेल आलं. त्याच किनाऱ्यावर खाली केरळ-कोकण बेसिनमध्येही चुनखडक आहेत, विहिरीही झाल्यात, पण तेलाचं उत्पादन नाही. म्हणून मी आधी शेल कुठे शिजलाय ते बघतो, मग उंचवटे.

"समोरच्या किनाऱ्यावर आहे म्हणजे इथेही असणार" हेही पुरेसं नाही. घानात २००७ ला ज्युबिली हे तेलक्षेत्र सापडलं, त्याच धर्तीवर अटलांटिकच्या पलीकडे फ्रेंच गयानात २०११ ला झेडियस विहिरीत तेल सापडलं, पण तिथल्या पुढच्या विहिरींनी निराशाच केली.

ट्रॅप आधी तयार झाला, की त्याआधीच तेल निघून गेलं, हे तपासा.

बेसॉल्ट (थिजलेला लाव्हा) लागला की खाली बघणं सोडू नका, त्याखालीही गाळाचे थर असू शकतात.

ब्राइट स्पॉट (सिस्मिकमध्ये ठळक चमकणारा भाग) म्हणजे गॅसचा साठाच असं नाही, अगदी थोडा गॅसही जवळजवळ तेवढाच चमकतो. आणि त्याआधी डेटाची पोलॅरिटी (प्रतिध्वनी धन दाखवलाय की ऋण) बघा, समुद्रतळाचा रिफ्लेक्शन कुठल्या रंगात आलाय ते पाहायला दोन मिनिटं लागतात.