बारा शीट, एक फॉर्म्युला

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी स्प्रेडशीटमध्ये ठेवतो, दर महिन्याची वेगळी शीट. वर्षाच्या गोषवाऱ्यासाठी प्रत्येक शीटमधली एफ४० या चौकटीतली बेरीज हाताने जोडायचा कंटाळा आला. म्हणून ए रकान्यात शीटची नावं टाकली आणि शेजारी इनडायरेक्ट फंक्शन लिहिलं, जे मजकुरातून चौकटीचा पत्ता बनवून तिथला आकडा आणतं: =इनडायरेक्ट("'"&ए२&"'!एफ४०"). नावात मोकळी जागा असली की ती एकेरी अवतरणचिन्हं लागतातच.

तरी रेफ एरर, म्हणजे दिलेला पत्ता सापडत नाही! तासभर डोकं खाजवलं. मग दिसलं, ‘एप्रिल २४’ टाइप करताच त्याची तारीख होत होती (आगाऊपणा नुसता!), आणि स्प्रेडशीट तारीख आतून संख्या म्हणून ठेवत असल्याने फॉर्म्युल्याला नावाऐवजी पाच आकडी संख्या मिळत होती. रकान्याचा फॉरमॅट आधी टेक्स्ट केला, नावं पुन्हा टाइप केली. बाराही आकडे आले.

एक मात्र आहे: महिन्याच्या शीटमध्ये नवी ओळ घातल्यावर बेरीज खाली सरकते, पण फॉर्म्युल्यातलं एफ४० हा नुसता मजकूर असल्याने बदलत नाही. त्यामुळे बेरीज आता सगळ्यात वर, एफ१ मध्येच ठेवतो.